दालचिनीच्या पाल्याचं तेल

दालचिनी सोलून झाली की मागे दोन गोष्टी उरतात, सोललेल्या काठ्या आणि पाला. काठ्या चुलीत जातात. पाला नारळाच्या आळ्यात पडतो आणि त्याच्याबरोबर त्यातलं तेलही मातीत जातं. नीट सुकवलेल्या १०० किलो पाल्यातून साधारण १ ते २ किलो सुगंधी तेल निघतं. ते काढायला कारखाना लागत नाही. एक मोठं भांडं, एक नळी, फाटी आणि भरपूर थंड पाणी लागतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमका तिचाच विचार लोक सगळ्यात शेवटी करतात.

ही कृती पालीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. बल्लाळेश्वराची पाली नव्हे, रत्नागिरीची. हातखंब्यावरून गोव्याकडे निघालं की लागते आणि जिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज-साखरप्याकडे फुटतो, ती. वर कातळ, त्यावर आंबा-काजूची कलमं आणि खाली पऱ्याच्या कडेने नारळी-पोफळीची आगरं, अशी इथली जमीन. पुढे अंजणारीच्या पुलाखालून जाणारी काजळी नदी भाट्याच्या खाडीत उतरते. त्याच भाट्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. दोन नारळांमधल्या साडेसात मीटरच्या मोकळ्या जागेत दालचिनी, मिरी, जायफळ लावायचं, ही ‘लाखी बागे’ची पद्धत या केंद्राने रुजवली. दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जातही दापोली विद्यापीठाचीच. तेव्हा झाडं आगरात आहेत. प्रश्न आहे तो पाल्याचा.

आधी एक गोष्ट ठरवून टाकू. सालीचं तेल काढायच्या भानगडीत पडू नका. सालीच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड असतो, म्हणजे जिभेवर जी दालचिनी लागते ती. ते तेल महाग असतं हे खरं, पण चांगली गुंडाळी झालेली साल मसाल्याच्या बाजारात साल म्हणूनच सरळ विकली जाते. भट्टीत घालायचाच तर तिचा चुरा आणि खरवड घाला. पाल्याचं तेल वेगळं. त्यात मोठा वाटा युजेनॉलचा, साधारण पाऊण भाग. हेच युजेनॉल लवंगेतही असतं, म्हणून दालचिनीचं पान चुरगळलं की लवंगेची आठवण येते. साबण, अत्तर, दंतवैद्याचं भरण, या सगळ्यांना युजेनॉल लागतं. दात भरताना दवाखान्यात जो वास दरवळतो तो त्याचाच.

पाला कधी आणि कसा

दालचिनी तोडायचा हंगाम पावसाळा सरता सरता येतो. झाडात रस खेळत असतो, साल काठीपासून सहज सुटते. कोयत्याच्या टोकाने एक चीर देऊन बघायची. साल बोटाने उचलली गेली तर तोड सुरू करायची, नाहीतर आठवडाभर थांबायचं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या तोडल्या की पाला तिथेच ओरबाडून वेगळा करा. जून, गर्द हिरवी पानं घ्या. शेंड्याची तांबूस कोवळी पालवी बाजूला टाका; ती सुकली की काळी पडते आणि तेलही फारसं देत नाही. जाड देठं आणि काटक्या काढून टाका, त्या भांड्यातली जागा नुसती अडवतात.

पाला पडवीत किंवा मांडवाखाली सावलीत पसरा. थर चार बोटांपेक्षा जाड नको. रोज एकदा खालीवर करायचा. तीन-चार दिवसांत पान लवचीकपणा सोडतं आणि मुठीत दाबलं की मोडतं. तेवढं पुरे. उन्हात टाकलात तर पाला लवकर सुकेल, पण तेलातला हलका भाग उडून जाईल. परतीचा पाऊस या दिवसांत हमखास गाठतो. पाला ओला असताना गोणीत कोंबू नका, दोन रात्रींत बुरशी धरते आणि तो कुबट वास थेट तेलात उतरतो.

सुकवायचं कशाला, असं कोणी विचारेल. ओल्या पाल्यातूनही तेल निघतं, पण त्याचं निम्मं वजन पाण्याचं असतं. तितकंच सरपण जाळून निम्माच माल पदरात पडतो.

भट्टीची मांडणी

घरगुती आणि लहान धंदा यांच्या मधलं माप म्हणून २०० लिटरचं भांडं धरू. ते स्टेनलेस स्टीलचं असावं. साधं लोखंडी पिंप स्वस्तात मिळतं म्हणून लावू नका. युजेनॉलचं आणि लोखंडाचं पटत नाही, तेल काळपट होतं. रसायनांची जुनी पिंपं तर कितीही धुतली तरी वर्ज्य. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगी वापरतात आणि श्रीलंकेत दालचिनीच्या पाल्याला तांबं आणि स्टील दोन्ही चालतं. आपल्याकडे स्टीलचं काम करणारा वेल्डर गाठणं सोपं, म्हणून स्टील.

भांड्यात तळापासून साधारण २६ सेंटिमीटरवर भोकांची जाळी बसवून घ्या. जाळीखाली पाणी, जाळीवर पाला. पाला पाण्यात बुडवून उकळला तर तळाला लागून करपतो, आणि करपट वास एकदा शिरला की तेलातून काढता येत नाही. जाळीखाली ४० लिटर पाणी घातलं की पाण्याची पातळी १६ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे उकळी कितीही उसळली तरी पाण्याला जाळीपर्यंत पोचायला साधारण अर्धी वीत जागा मोकळी राहते. भांड्याला बाहेरून पातळी दाखवणारी काचेची नळी लावता आली तर फार बरं. आत पाणी किती उरलं हे अंदाजाने ओळखायचा प्रयत्न कोणीही करू नये.

झाकणाला मधोमध रुंद नळी, तिच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी. पाल्याचा एखादा तुकडा नळीत अडकला तर वाफेला वाट उरत नाही, आणि बंद भांड्यातली वाफ म्हणजे बाँब. भांड्यापासून तेल पडतं त्या टोकापर्यंत कुठेही कॉक, व्हॉल्व्ह बसवायचा नाही. भट्टी पेटवण्यापूर्वी एका टोकाने फुंकून दुसऱ्या टोकाला हवा येते का ते दर वेळी बघायचं. हा नियम कंटाळा आला म्हणून मोडायचा नाही.

झाकणाच्या कडेला रबराचं वेष्टण लावू नका. तेलाच्या वाफेने रबर फुगतं आणि स्वतःचा वास सोडतं. घट्ट मळलेली कणीक लांब वळून कडेने दाबून बसवा. ती उष्णतेने कडक होते आणि वाफ धरून ठेवते. कुठे फुसफुसलं तर हातात कणकेचा गोळा तयार ठेवायचा.

थंडाव्याची बाजू

आता खरं काम. वाफ तयार करणं सोपं, ती पुन्हा पाण्यात आणणं अवघड. २० मिलीमीटर व्यासाची, ६ मीटर लांबीची स्टीलची नळी वेटोळं करून दुसऱ्या पिंपात बसवा. या पिंपात थंड पाणी खेळतं राहील. हे पिंप प्लास्टिकचं असलं तरी चालेल, कारण तेल नळीच्या आतून जातं. थंड पाणी पिंपाच्या तळाशी सोडायचं आणि गरम झालेलं वरून बाहेर काढायचं. उलट केलंत तर वर आलेलं गरम पाणी पिंपातच साचून राहतं आणि तळाला वेटोळ्याचं शेवटचं टोक, जे सगळ्यात थंड हवं, तेच कोमट होतं.

हिशेब असा आहे. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या दर १ लिटर पाण्यामागे, वाफ थंड करण्यासाठी २५ ते ३० लिटर गार पाणी लागतं. पाच तासांच्या एका घाण्यात २५ लिटर पाणी वाफेतून येणार असेल तर थंडाव्याला साधारण ७०० लिटर हवं. विहिरीतून शेंदून हे भागत नाही. पंपाने भागतं, पण विजेचं बिल येतं. पालीसारख्या ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्याला पाणी असतं. वरच्या अंगाला पाट अडवून एक पाइप टाकला की ते उताराने आपोआप येतं, पिंपातून खेळतं आणि खाली आगरात जातं. दालचिनीच्या तोडीचा हंगाम आणि वाहत्या पाण्याचा हंगाम कोकणात एकच पडतो. भट्टीची जागा ठरवताना म्हणून सरपणाची सोय नंतर, पाण्याची आधी बघा.

घाणा लावणं

पाला भरताना थर करत भरा आणि प्रत्येक थर हाताने सारखा दाबा. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल असं झालं की वाफ सैल बाजूनेच वाट काढते. घट्ट बाजूचा पाला तसाच कोरा राहतो. २०० लिटरच्या भांड्यात वर एक वीत जागा सोडून साधारण १५ किलो सुकलेला पाला बसतो. पानं अख्खी टाकण्यापेक्षा हाताने दोन-तीन तुकडे केलेली बरी. पण कुटून भुकटी करू नका, भुकटीचा लगदा होऊन वाफ अडते.

झाकण बसवा, कणीक लावा, फुंकून नळी तपासा, थंड पाणी सुरू करा आणि मगच चूल पेटवा. एवढा क्रम तरी चुकवू नये. सुरुवातीला जाळ मोठा ठेवा. पाणी आणि पाला तापायला तासभर जातो. फाटी सुकलेली असावी. एका घाण्याला साधी चूल असेल तर २५ ते ३० किलो सरपण लागतं. झावळ्या, सोडणं आणि दालचिनीच्या सोललेल्या काठ्या यांत बराच भाग निघतो.

नळीच्या तोंडातून पहिलं पाणी ठिबकायला लागलं की जाळ कमी करा. आता वेगावर लक्ष ठेवायचं. १ लिटरचं माप धरून बसा, ते १२ मिनिटांच्या आसपास भरलं पाहिजे. त्याहून लवकर भरलं तर थंडावा पुरत नाही, कोमट वाफ तोंडातून निघून जाते आणि तेल हवेत जातं. वास आला की माणसं खूश होतात, पण तो वास म्हणजे आपलंच तेल उडतंय. माप भरायला वीस मिनिटं लागत असली तर जाळ वाढवा. जड घटकांना वर यायला जोर लागतो. बाहेर येणारं पाणी हाताला गार लागावं, कोमट नाही.

युजेनॉल एकटं उकळवायचं तर २५४ अंश लागतात. मग ते १०० अंशाच्या आतबाहेर येतं कसं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची वाफ आपापला दाब वेगळा देते. दोघांच्या दाबांची बेरीज बाहेरच्या हवेएवढी झाली की मिश्रण उकळतं. त्यामुळे पाण्याच्या उकळबिंदूच्याही किंचित खालीच तेलाची वाफ पाण्याच्या वाफेसोबत निघते. तेलाचा दाब फार थोडा असतो, पण युजेनॉलचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा नऊ पटींनी जड. रेणू थोडे आले तरी वजनाने तेल बऱ्यापैकी पडतं. याच कारणाने घाई करून उपयोग नाही. पाणी जितकं वर जाईल तितकंच तेल सोबत येणार.

तेल बुडतं, तरंगत नाही

गवती चहाचं तेल काढलेला माणूस इथे पहिल्यांदा फसतो. गवती चहा, मिरी, जायफळ यांची तेलं पाण्यावर तरंगतात. दालचिनीच्या पाल्याचं आणि लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. तरंगणाऱ्या तेलासाठी केलेल्या भांड्यात खालून पाणी जातं आणि वर तेल उरतं. तसंच भांडं इथे लावलंत तर सगळं तेल त्या खालच्या वाटेने मोरीत जाईल.

म्हणून भांडं उंच, ५ लिटरचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. वरच्या कडेखाली पाणी बाहेर पडायला नळी, तळाला तेल सोडायला लहान कॉक. (कॉक फक्त इथे. भट्टीच्या वाटेवर नाही.) वेटोळ्याच्या तोंडाखाली एक नरसाळं ठेवा आणि त्याची दांडी भांड्याच्या मध्यापर्यंत पाण्यात बुडू द्या. थेंब वरून पडले की तेलाचा काही भाग पाण्याच्या पृष्ठभागावर पापुद्र्यासारखा पसरतो आणि वाहून जातो. नरसाळ्यातून मधोमध सोडलं तर तो सरळ खाली बसतो. मात्र वेटोळ्याचं तोंड आणि नरसाळं यांच्यात बोटभर हवेची फट हवी. जाळ विझून भांडं गार व्हायला लागलं की आत पोकळी होते आणि तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर सगळं पाणी उलट आत ओढलं जातं.

बाहेर येणारं पाणी ताकवण्यासारखं पांढुरकं दिसतं. त्यात तेलाचे बारीक कण असतात, ते हळूहळू जमून पिवळसर थेंब होतात आणि तळाला एकमेकांत मिसळतात. पण सगळं तेल जमत नाही. युजेनॉल पाण्यात थोडं विरघळतं, दर लिटरला दोन-अडीच ग्रॅमपर्यंत. २५ लिटर पाणी फेकून दिलंत तर त्यासोबत ५०-६० ग्रॅम तेल जाऊ शकतं. एका घाण्याचा माल साधारण दीडशे ते तीनशे ग्रॅम असतो, त्यात ही गळती परवडणारी नाही. यावर उपाय सोपा. वरून वाहणारं पाणी बादलीत साठवा आणि पुढच्या घाण्याला जाळीखाली तेच घाला. ते आधीच तेलाने भरलेलं असल्यामुळे पुढच्या घाण्याचं तेल त्यात कमी हरवतं. पहिल्या घाण्याचा उतारा कमी आला म्हणून निराश होऊ नका. तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून खरा आकडा कळतो.

घाणा कधी थांबवायचा? घड्याळावर फार भिस्त नको. चार तास झाले की बाहेर येणारं थोडं पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाला मणी जमले तर चालू ठेवा. पेला नुसता धूसर राहिला आणि थेंब बसला नाही तर जाळ ओढून घ्या. बहुतेक वेळा पाचव्या तासाच्या आसपास हे होतं. त्यानंतर जाळलेलं सरपण फुकट जातं.

तेल स्वच्छ करणं आणि ठेवणं

भांडं रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी तळाचा कॉक हळू उघडून तेल काढा, पाण्याची रेघ दिसली की बंद. जे थोडं पाणी सोबत आलं असेल ते काढायला प्रयोगशाळेच्या दुकानात मिळणारं निर्जल सोडियम सल्फेट चमचाभर घाला, हलवा, तासाभराने गाळणकागदातून गाळा. तेल पारदर्शक, पिवळसर ते फिकट तपकिरी हवं. गडद काळपट आलं तर कुठेतरी लोखंड लागलंय.

काचेच्या गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवेने तेल जुनं होतं. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलंत तर ती मऊ पडेल. बाटलीवर तारीख, पाल्याचं वजन आणि किती तास चालवलं ते लिहा. घेणारा पहिला प्रश्न युजेनॉल किती टक्के असा विचारतो. त्याचं उत्तर वासावरून देता येत नाही, प्रयोगशाळेतून गॅस क्रोमॅटोग्राफीचा दाखला घ्यावा लागतो. लहान भट्ट्यांची माहिती हवी असेल तर लखनौची सीमॅप संस्था आणि कनौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र, दोन्ही हेच काम करतात.

हे तेल हाताळताना सावध राहा. नुसतं कातडीवर लागलं तर आग होते, काहींना पुरळ येतं. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून डॉक्टरकडे जायचं. पोटात घ्यायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज बाटलीबाहेरच ठेवावा. आणि आगरात भट्टी म्हटली की गावात पहिला संशय वेगळाच येतो, तेव्हा ग्रामपंचायतीत आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चोथा झालेला पाला गार करून नारळाच्या आळ्यातच टाका. तिथे तो तसाही जाणारच होता.

बाकीचे मसाले

याच भांड्यात मिरी आणि जायफळही चालतं, पण भांडं आधी नुसत्या पाण्याने तासभर चालवून धुवा, दालचिनीचा वास चिवट असतो. मिरीला तोडणीत निघणारे पोचट, हलके दाणे वापरा, भरड कुटून. तेलाला मिरीचा वास येईल, पण तिखटपणा येणार नाही. तिखट घटक, म्हणजे पायपरीन, वाफेसोबत वर येतच नाही. आल्याच्या तेलाचंही तसंच. जायफळात चरबी भरपूर असते आणि ती भांड्यातच राहते. येतं ते सुगंधी तेल. किडक्या जायफळाला तेल काढणारे नावं ठेवत नाहीत. कीड पीठ आणि चरबी खाते, सुगंधी तेल बरंचसं शिल्लक ठेवते, म्हणून व्यापारात तसला माल तेलासाठीच वेगळा काढतात.

अडचण एकच. मिरी निघते जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा पऱ्या आटलेला असतो. पोचट मिरी कडक सुकवून हवाबंद डब्यात ठेवा आणि पावसाने पऱ्याला ओढ आली की जुलैत घाणा लावा. त्याआधी तेलाचं भांडं बदला. मिरीचं तेल वर तरंगणार, म्हणून पाण्याची नळी तळापासून निघून वर वळलेली हवी आणि तेल वरच्या कॉकमधून काढायचं.